दळवी साहेबांची तिसरी बायको

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. मी दार उघडलं. बाहेर ऑफिसचा शेट्टी उभा होता आणि त्याच्यामागे ड्रायव्हर गुलभाई. शेट्टीच्या हातात जाड पाकीट होतं, त्यातून पासपोर्टची निळी कड दिसत होती. गुलभाईने माझ्याकडे बघितलंच नाही. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

हॉलमध्ये दळवी साहेब आरामखुर्चीत बसले होते. त्यांचा उजवा पाय नीलिमा मॅडमच्या मांडीवर होता. मॅडम खाली पाटावर बसून जखम धूत होत्या. घोट्याच्या वर तळहाताएवढी जखम होती, वर्षभर भरत नव्हती. शेट्टीला बघूनसुद्धा मॅडमचा हात थांबला नाही. कापूस जखमेवरून फिरत राहिला.

शेट्टी म्हणाला, "सर, मॅडम को लेने आया है. एक पचास का फ्लाइट है."

साहेबांच्या पहिल्या बायकोला सामान भरायला दहा मिनिटं दिली होती, असं गुलभाईने मला कधीतरी सांगितलं होतं. तिच्या वेळीही गाडी त्यानेच चालवली होती. आतल्या खोलीत साहेबांची मुलगी ईशा कानात वायर घालून पडली होती. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मॅडम गेल्या असत्या तर पोरीचं पुढे काय होणार ते त्या घरात आधीच ठरलेलं होतं.

साहेबांनी शेट्टीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

मी त्या घरात सहा वर्षं स्वयंपाक केला. घर आखातात, ऊद मेथा नावाच्या वस्तीत होतं, तिसऱ्या मजल्यावर. माझा व्हिसा साहेबांच्या नावावर होता. मॅडमचा आणि ईशाचाही त्यांच्याच नावावर. साहेब सोडून त्या घरातल्या प्रत्येकाचं राहणं साहेबांच्या सहीवर होतं, आणि त्यात काही लपवाछपवी नव्हती. साहेब स्वतःच जेवताना म्हणायचे, "इथे मी सही केली की माणूस येतो आणि मी सही केली की माणूस जातो." म्हणायचे आणि हसायचे. मग आम्हीही हसायचो.

साहेब गुहागरकडून एक पिशवी घेऊन आलेले. त्याच शहरात देऱ्याला पाण्याच्या पंपांचं ऑफिस काढलं आणि वाढवलं. उंच, रुंद माणूस. नाट्यगीतं चांगली म्हणायचे. माणसाला पोटभर खायला घालायचे आणि मग बोलायचे. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. नवीन माणसाला हे कळायला वेळ लागायचा.

पहिली बायको बारा वर्षं होती. मग एक दिवस गेली. दुसरी ईशाची आई. ईशा तीन वर्षांची असताना ती आजारपणात वारली. तिचा फोटो हॉलमध्ये होता, त्याला रोज फूल. पहिलीचा फोटो कुठेच नव्हता.

तिसऱ्या नीलिमा मॅडम. ऊद मेथालाच एका भारतीय शाळेत त्या इतिहास शिकवायच्या. ईशा सातवीत त्यांच्या वर्गात होती. नाशिकच्या, नवरा लवकर गेलेला, जवळच करामाला दोन शिक्षिकांबरोबर एका खोलीत राहायच्या. पालकसभेला साहेब गेले, तिथे ओळख झाली. पाच महिन्यांत मॅडम दोन बॅगा आणि पुस्तकांचे सात खोके घेऊन घरात आल्या. साहेबांनी खोके बघितले आणि म्हणाले, "इथे वाचनालय काढायचंय का?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

साहेबांना तेव्हा ते आवडलं. लग्नानंतर त्यांनी मॅडमचा शाळेचा व्हिसा काढून आपल्या नावावर करून घेतला आणि पासपोर्ट ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवला. मॅडमनी नोकरी चालू ठेवली. ईशा घरीही त्यांना "मिस"च म्हणायची. नवीन आईला काय म्हणायचं हा प्रश्न त्या पोरीने असा सोडवला.

मॅडम दिसायला साध्या होत्या. अंबाड्यात लाल पेन खोचलेलं असायचं. ते पेन त्या कशावरही चालवायच्या. किराणामालाची यादी असो, देवळाच्या वर्गणीची पावती असो की लग्नाची पत्रिका. उन्हाळ्यातही शाळेत चालत जायच्या, छत्री घेऊन. घरात चालता चालता वाचायच्या आणि दोनदा खुर्चीला अडखळून पडल्या होत्या. पोळी करपली तर गुपचूप आपल्या ताटात घ्यायच्या. आणि समोरचा माणूस चुकीचं काही बोलला की तोंडातून निघायचं, "तसं नाही ते." मोठ्याने नाही, भांडायच्या सुरात नाही. वर्गात म्हणतात तसं. भाजीवाल्याला म्हणायच्या, डॉक्टरला म्हणायच्या. मला तर दिवसातून चारदा म्हणायच्या. साहेबांनाही म्हणायच्या.

संध्याकाळी मी कणीक मळायला घेतली की त्या ओट्याला टेकून वह्या तपासायच्या आणि मला राजेराण्यांच्या गोष्टी सांगायच्या. मी लांज्याजवळच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. आमच्या पुस्तकात राजे होते, त्यांच्या बायका नव्हत्या. मॅडमकडे बायकाच जास्त असायच्या. त्यांची सगळ्यात लाडकी होती इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची सहावी बायको.

"सहा बायका?" मी विचारलं.

"सहा. दोघींशी लग्न झालंच नव्हतं असं ठरवून टाकलं, दोघींची मुंडकी उडवली, एक बाळंतपणानंतर गेली."

"आणि सहावी?"

"सहावी वाचली."

"तिचा नंबर लागायच्या आत राजा मेला असेल."

मॅडम इतक्या हसल्या की वही ओट्यावरून खाली पडली. "जवळजवळ तसंच झालं हो, सुमनताई."

त्या सहांपैकी तिघींचं नाव कॅथरिन होतं. मी म्हटलं, राजाला हाक मारायला बरं पडलं असेल. ही शेवटची कॅथरिन दोनदा विधवा झालेली, तिचं मन दुसऱ्याच माणसावर होतं, तेवढ्यात राजाने मागणी घातली.

"मग नाही म्हणायचं."

"राजाला?"

मॅडम पुढे सांगत होत्या. तो राजा म्हातारा झालेला, अंगाने सुटलेला, पायाला जखम, तिला वास यायचा. ही त्याची शुश्रूषा करायची. तीन आयांची तीन मुलं होती, त्यांना हिने एका घरात आणलं. स्वतः पुस्तकं लिहिली आणि स्वतःच्या नावाने छापली.

"आणि वाद घालायची," मॅडम म्हणाल्या.

"कुणाशी?"

"राजाशी. देवधर्मावरून. लोकांसमोर."

"मग मूर्खच म्हणायची."

"त्या बाबतीत मूर्खच," मॅडम म्हणाल्या आणि वही उचलली.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, तुम्ही ह्या घरात का आलात? त्या म्हणाल्या, "ईशा मधल्या सुट्टीत डबा घेऊन एकटी बसायची. डबा छान असायचा, तुम्हीच करायचात ना? पण ती एकटी बसायची." बाकी काही सांगितलं नाही.

पहिली तीन वर्षं बरी गेली. मग साहेबांच्या पायाला जखम झाली, साखरेमुळे भरेना, त्यांचं ऑफिसला जाणं बंद झालं. मोठा माणूस घरात बसला की घर लहान होतं. त्यातच ईशा बारावीत गेली आणि ठाण्याच्या एका बिल्डरच्या मुलाचं स्थळ आलं. साहेबांच्या मनात होतं की परीक्षा झाली की पोरीला भारतात काकाकडे पाठवायचं आणि वर्षाच्या आत लग्न उरकायचं. ईशाला कायदा शिकायचा होता.

"तिला शिकायचंय," मॅडम म्हणाल्या.

"शिकून काय करणार? माझ्यावर केस?"

"तसं नाही ते," मॅडमनी सुरू केलं आणि अर्धा तास बोलल्या. साहेब ऐकत होते. त्यांचा आवाज उतरला होता. मी आतून ऐकलं आणि मॅडमना भाजी बघायला म्हणून हाक मारली. त्या आल्या नाहीत.

मग तो रविवार. साहेबांनी चार व्यापारी मित्रांना जेवायला बोलावलं होतं, शेट्टीही होता. शेट्टी मंगळूरचा. व्हिसा, लायसन्स असले सगळे सरकारी कागद तो करायचा. वीस वर्षं साहेबांकडे, मराठी पूर्ण कळायचं. मी सुरमई तळत होते. साहेब आपल्या घराण्याची गोष्ट सांगत होते. त्यांच्या पणजोबांचे पणजोबा आरमारात सरदार होते, त्यांना सोन्याच्या मुठीची तलवार मिळाली होती. ही गोष्ट मी दहा वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी तलवार लांब होत होती.

मॅडम वाढता वाढता म्हणाल्या, "तसं नाही ते. सरदार नव्हते, नावाड्यांचे मुकादम होते. तुमच्याच कपाटातल्या कागदात आहे. मी वाचलाय."

मग एक पाहुणा ओरडला, "खलास! वहिनी, आमच्या दळवींची सरदारकी काढून घेतलीत तुम्ही!" सगळे हसले. साहेब सगळ्यांत जास्त हसले. डोळे पुसले. मॅडमही हसल्या. त्यांना वाटलं गंमत झाली.

पाहुणे गेल्यावर मी आणि मॅडम ताटं उचलत होतो. साहेब शेट्टीला म्हणाले, अगदी हळू, "चांगलं आहे. साठी उलटली आणि आता बायकोच्या वर्गात बसायचं."

मॅडम ताटं घेऊन आत आल्या, ती ओट्यावर ठेवली आणि तशाच उभ्या राहिल्या. चेहऱ्याचा रंग गेला होता.

"काय झालं?"

"त्या राजाने हेच म्हटलं होतं, ताई. शब्द वेगळे. पण हेच. म्हातारपणी बायकोकडून शिकायची वेळ आली, असं."

"मग?"

"मग त्याच्या माणसांनी कागद तयार केले आणि त्याने सही केली."

"पुस्तकातलं काहीतरी घेऊन बसू नका," मी म्हटलं. "ताटं घासायची आहेत." पण मलाही ते आवडलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे साहेब फार गोड वागले. मॅडमना विचारून टीव्ही लावायचे. पाय धुवायला त्यांच्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. चहाच्या वेळी मुद्दाम विषय काढायचे, "बोला मॅडम, तुमचं काय मत?" आणि मॅडम बोलायच्या. मी गुलभाईला म्हटलं, साहेबांचा स्वभाव बदलला. गुलभाई पेशावरचा, बोलणं कमी. तो म्हणाला, "अम्मा, पहली वाली के टाइम पर भी साहब ऐसे ही मीठा बोलता था."

आता डब्याच्या पिशवीचं सांगते. साहेबांनी ऑफिस काढलं तेव्हा तिघं जण होते आणि तिघं एका डब्यातून जेवायचे. तेव्हापासून रीत होती की ऑफिसच्या जुन्या माणसांना जेवण साहेबांच्या घरचं. साहेब घरी बसले तरी डबा जायचाच. साडेअकराला गुलभाई डब्याची पिशवी न्यायचा, चारला परत आणायचा. पिशवीला बाहेरून चेन लावलेला कप्पा होता. सहीचे कागद त्या कप्प्यातून यायचे. मी ते काढून साहेबांपुढे ठेवायची. सह्या झाल्या की साहेब स्वतःच्या हाताने कप्प्यात घालायचे, ते दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर जायचे. धंद्याचे सगळे कागद माझ्या ओट्यावरून गेले. स्वयंपाकीणबाईला वाचता येत नाही, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला मराठी वाचता येतं. पण कुणी विचारलं नव्हतं.

शाळेला हिवाळ्याची सुट्टी होती. आदल्या दिवशी पिशवीत आमटी सांडली होती, कप्प्यापर्यंत गेली होती. सकाळी पिशवी धुवायची म्हणून मी कागद बाहेर काढले. वरचे दोन पंपांचे होते, त्यावर पंपाचं चित्र असायचं. तिसऱ्यावर मॅडमचा फोटो होता. सगळं अरबी आणि इंग्रजी. खाली साहेबांची सही, निळ्या शाईची. आणि वर तो एक शब्द. कॅन्सल, म्हणजे व्हिसा रद्द. त्या देशात ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही त्यालाही तो शब्द वाचता येतो.

मी आधी माझा विचार केला. खोटं कशाला लिहू? माझी सही करणाराही तोच माणूस होता. गावी मुलगी परत माहेरी आलेली, तिची दोन मुलं. मी कागद पुसले, पिशवी पुसली, कागद परत कप्प्यात घातले, चेन लावली आणि कणीक मळायला घेतली. अर्धी मळून झाली. मग पिठाच्या हाताने चेन उघडली आणि मॅडमना हाक मारली.

मॅडमनी कागद वाचला. मग खाली जमिनीवर बसल्या, वॉशिंग मशीनला टेकून. त्यांचे दात वाजायला लागले आणि घशातून एक बारीक आवाज यायला लागला, कपाटात कोंडलेल्या मांजरीचा येतो तसा. साहेब दोन भिंतींपलीकडे झोपले होते. मी मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं, रिकामाच लावला. तो फिरत होता तोवर त्यांनी आवाज करून घेतला.

मग म्हणाल्या, "पिशवी किती वाजता जाते?"

"साडेअकराला. फाडून टाका तो."

"फाडला तर दुसरा छापतील. आणि मग त्यांना कळेल की मला कळलंय. माझ्याकडे आत्ता तेवढंच आहे, ताई."

"मग निघून जा. शाळेत सांगा कुणाला तरी."

"पासपोर्ट ऑफिसच्या लॉकरमध्ये आहे. आणि ईशा?" त्या माझ्याकडे बघत होत्या. "मी गेले की परीक्षेपुरती ठेवतील तिला. मग ठाणे."

मी म्हटलं, "त्या कॅथरिनने काय केलं?" इतकी वर्षं ती गोष्ट मी करमणूक म्हणून ऐकली होती.

मॅडमनी कागदाला लागलेलं पीठ पदराने पुसलं, घडी होती तशी घातली आणि कप्प्यात ठेवला.

"शरण गेली," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ईशा सोफ्यावर होती. साहेबांनी रोजच्यासारखा चिमटा काढला. "काय मॅडम? ठाण्याच्या मंडळींना काय कळवायचं? तुमचं मत सांगा. तुम्ही शिकलेल्या."

मॅडम पाटावर बसून पट्टी सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझं कसलं मत? तुम्ही जग बघितलंय."

"आज हे नवीन," साहेब म्हणाले. "एरवी तर मला धडे देता."

"अहो, मी तुम्हाला काय धडे देणार? ड्रेसिंग करताना तुम्हाला कळा येतात. मी काहीतरी विषय काढते, तुम्ही तावातावाने बोलता, तेवढा वेळ पायावरून लक्ष उडतं. आणि तुम्ही जे उत्तर देता ते माझ्या कामाला येतं. वर्गात तुमचंच सांगते."

साहेबांनी बशी खाली ठेवली. "असं होय?"

"नाहीतर काय? मला एवढं कळत असतं तर मी शाळेत खडू झिजवला असता का?"

ईशा उठून उभी राहिली. "मिस, आर यू सीरियस?"

"ईशा, पप्पा बोलतायत."

"यू आर जस्ट लाइक एव्हरीवन," पोरगी म्हणाली आणि खोलीचं दार आपटून आत गेली. मॅडमच्या तोंडावर थुंकली असती तरी त्यांना एवढं लागलं नसतं. त्यांनी जुनी पट्टी गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "वेडी आहेस," म्हणाले. "मला वाटलं होतं वेगळंच." मग नाट्यगीत गुणगुणायला लागले. पण कागद थांबव म्हणून शेट्टीला फोन केला नाही. विसरले, की मुद्दाम केला नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी अकरा दहाला बेल वाजली.

शेट्टी पाकीट घेऊन उभा. साहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग एकदम ओरडले. "कोणी बोलावलं तुला? गाढवा! माझ्या घरात येऊन माझ्या बायकोला न्यायला आलास?" आवाज एवढा चढला की शेजारचं दार उघडलं. आवाज चढला म्हणूनच मला कळलं की राग खरा नाही.

शेट्टीचं तोंड उघडं राहिलं. "सर, आपने ही तो..."

"बाहेर हो! यल्ला!"

गुलभाई आधीच जिन्यापर्यंत पोचला होता. शेट्टी पाकीट छातीशी धरून मागच्या मागे गेला. मी दार लावलं.

मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे हो. त्याची काहीतरी गडबड झाली असेल. गरीब माणूस आहे."

साहेब त्यांच्याकडे वाकून बघत होते. "तुला माहीत नाही तो कशाला आला होता."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मला कुठून माहीत असणार?"

"बिचारी," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "पट्टी घट्ट बांधू नकोस."

शेट्टीची नोकरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठीही डबा गेला. तेव्हा मला कळलं, आणि मॅडमना माझ्याआधी कळलं होतं, की तो कागद फाडलेला नाही. ऑफिसच्या खणात सही करून ठेवलेला आहे.

त्यानंतर मॅडम आठ महिने त्या कागदाखाली राहिल्या. "तसं नाही ते" हे मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. साहेब दिवसाला रात्र म्हणाले असते तर त्यांनी दिवा लावला असता. ठाण्याच्या स्थळालाही हो म्हणाल्या. मग पत्रिका गुरुजींकडे गेली ती महिनाभर आली नाही. मग गुरुजींनी मुहूर्त पुढच्या वर्षीचा काढला. मग मुलाच्या आजीची तब्येत. मॅडम प्रत्येक गोष्टीला हो म्हणत राहिल्या आणि काहीच झालं नाही. ईशाने बारावीची परीक्षा दिली. पुण्याच्या कॉलेजचा अर्ज मॅडमनी शाळेच्या कॉम्प्युटरवरून भरला.

ईशा त्यांच्याशी दोन महिने बोलत नव्हती. शेवटी मीच एका दुपारी तिला वाढताना सांगितलं, पिशवीपासून सगळं. पोरीने घास खाली ठेवला. रडली नाही. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी येऊन मॅडमच्या शेजारी जमिनीवर बसली आणि कात्री हातात देत राहिली.

त्याच दिवसांत मी मॅडमना विचारलं, "राजा मेल्यावर तिचं काय झालं हो?"

"आवडीच्या माणसाशी लग्न केलं. पहिल्याच बाळंतपणात गेली."

"मग सुटली कुठे?"

"सुटली ना, ताई. दीड वर्ष सुटली."

साहेबांची जखम गुडघ्याकडे सरकली. जुलैत पाय काढला आणि ऑगस्टमध्ये ते हॉस्पिटलातच वारले. शेवटचे चार दिवस त्यांनी मॅडमना आत येऊ दिलं नाही. शेट्टीला येऊ देत होते. मॅडम बाहेर बाकावर बसून होत्या, त्या खणातून काही निघतं का ह्याची वाट बघत. काही निघालं नाही. साहेबांना तेवढा वेळ मिळाला नाही, एवढंच.

धंदा साहेबांच्या ठाण्याच्या भावाकडे गेला. ईशाला अठरा पूर्ण झाली होती. काका न्यायला आला तेव्हा ती दारात उभी राहून "नो" म्हणाली आणि पुण्याला गेली. मॅडमना शाळेने परत स्वतःच्या नावावर घेतलं. त्या करामाला एका खोलीत गेल्या. माझा व्हिसा साहेबांबरोबर संपला, म्हणून मी सप्टेंबरात घरी निघाले.

मला विमानतळावर सोडायला मॅडम टॅक्सीने आल्या. ड्रायव्हरने क्लॉक टॉवरपाशी चुकीचं वळण घेतलं आणि आम्ही देऱ्याच्या बाजारात जाऊन अडकलो. मॅडम त्या शहरात सोळा वर्षं राहिल्या होत्या, त्यांना रस्ता पाठ होता. मी कोपराने ढोसलं, म्हटलं, सांगा की त्याला.

मॅडम पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "भैया, आप को ज़्यादा पता होगा."

मीच ओरडून गाडी वळवायला लावली. विमानतळाच्या दारात त्यांनी माझी बॅग ढकलगाडीवर ठेवली, माझा हात धरला आणि लगेच सोडला. मग परत टॅक्सीत बसल्या. दार लावलं तेव्हा मान खाली होती. नंतर त्यांना मी बघितलं नाही.

साहेब गेले. त्या घरातून आम्ही तिघी जिवंत बाहेर पडलो, मॅडम, ईशा आणि मी.